कुमार गंधर्वांची मौनवर्षे

बदलीचा हुकूम हाती पडतो, सामान बांधले जाते, आणि नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग अशी स्थानके मागे टाकीत गाडी रायपूरला येऊन थांबते. बिऱ्हाडाची सोय लागली, की आम्हां मराठी नोकरदारांची पावले आपोआप महाराष्ट्र मंडळाकडे वळतात. गणेशोत्सवातील कार्यक्रम, कोजागिरीचे दूध, वर्षातून एखादा नाट्यप्रयोग आणि टपालाने येणारा दिवाळी अंक एवढ्या शिदोरीवर परमुलखातील वर्षे सुखाने जातात. यात गैर काही आहे असे आम्ही म्हणणार नाही. घरापासून दूर राहणारा मनुष्य आपल्या भाषेची ऊब शोधणारच. परंतु सेवानिवृत्तीचा दिवस जवळ येऊ लागला, म्हणजे एक प्रश्न मनाला चाटून जातो. ज्या मुलखाचे पाणी आपण वीस-पंचवीस वर्षे प्यालो, त्या मुलखाचे गाणे आपल्या कानी कधी पडले काय? आणि पडले असेल, तर आपण ते ऐकले काय?

हा प्रश्न आम्हांला कुमार गंधर्वांच्या आयुष्यातील पाच-सहा वर्षांनी विचारला, म्हणून त्या वर्षांचा इतिहास येथे मांडीत आहोत. कुमारजी रायपूरचे नव्हेत. त्यांचे देवास येथून पुष्कळ दूर, माळव्याच्या पठारावर आहे. तथापि १ नोव्हेंबर १९५६ पासून १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे होईपर्यंत, चव्वेचाळीस वर्षे, ही दोन्ही गावे एकाच मध्य प्रदेशात होती, आणि आमच्यासारख्यांच्या बदल्या माळव्यातून महानदीकाठी व महानदीकाठून माळव्यात होत असत. मराठी राज्यसत्तेचे ठसेही दोन्हीकडे आहेत. इकडे रतनपुरास नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजींनी राज्य केले; तिकडे देवासास पवारांच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पाती नांदल्या. तेव्हा देवासची ही हकीकत रायपूरच्या वाचकास अगदीच परकी वाटू नये.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी झाला. घरची भाषा कानडी. ‘कुमार गंधर्व’ ही उपाधी बालपणीच एका मठाधिपतींनी दिली आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले. या मुलाची जी कीर्ती प्रथम पसरली, ती मोठी विलक्षण होती. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात आणि त्यांतील हरकत न् हरकत, श्वास न् श्वास जशाच्या तशा गाऊन दाखवाव्यात, असे त्याचे सामर्थ्य. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत अकरा वर्षांच्या या मुलाने जाणत्यांना थक्क केले आणि त्याच सुमारास प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. देवधर हे विष्णु दिगंबरांचे शिष्य. परंतु एका घराण्याच्या कुंपणात राहणारे गृहस्थ ते नव्हते. अनेक घराण्यांच्या गवयांचा त्यांच्या शाळेत राबता असे. कुमारांनी तेथे पुष्कळ ऐकले, पुष्कळ आत्मसात केले. वयाच्या विशीत ते नावाजलेले गवई होते. मात्र लोकांनी ज्या गोष्टीवर प्रथम टाळ्या दिल्या होत्या, ती दुसऱ्यांचे गाणे हुबेहूब उचलण्याची होती, हे विसरता येत नाही.

१९४७ साली त्यांचा विवाह भानुमती कंस यांच्याशी झाला. भानुमतीबाई मूळच्या कराचीच्या, देवधरांच्याच शाळेत शिकलेल्या, स्वतः चांगल्या गाणाऱ्या. संसार मांडतो न मांडतो तोच कुमारांना क्षयाने गाठले. फुप्फुसाचा क्षय हा कोणाही माणसावर घालाच. गवयाच्या बाबतीत तर तो त्याच्या उपजीविकेच्या व अस्तित्वाच्या मुळावरच येतो. मोकळी, कोरडी हवा हाच त्या काळी क्षयरोग्याचा मोठा आधार मानला जाई. म्हणून जानेवारी १९४८ मध्ये पतिपत्नी मुंबई सोडून देवासला आली.

त्या काळी क्षय म्हणजे काय होते, याची कल्पना आजच्या तरुण वाचकास नसेल. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली अमेरिकेत सापडले होते. त्याबद्दल वाक्समन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५२ साली. क्षयावर रामबाण ठरलेले आयसोनियाझिडही १९५२ सालीच वापरात आले. म्हणजे कुमार अंथरुणास खिळले तो काळ जुन्या हतबलतेचा शेवट आणि नव्या उपचारांचा आरंभ यांच्या सांध्यावरचा होता. दहा वर्षे अगोदर हे दुखणे आले असते, तर आम्हांला लिहिण्यास विषयच उरला नसता. नवे औषध भारतात दुर्मिळ होते, महाग होते. ते मिळत गेले आणि रोगी वाचला. मात्र एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. दुखण्याच्या काळात वैद्यांचा पहिला निर्बंध होता तो गाण्यावर.

घर चालले ते भानुमतीबाईंमुळे. त्यांनी देवासच्या शाळेत नोकरी धरली, शुश्रूषा केली, आणि आपले गाणे बाजूस ठेवले. असाध्य रोगातून उठलेल्या कलावंताची गोष्ट सांगताना रोगाचेच गुणगान करण्याची आपल्याकडे खोड आहे; जणू क्षय झाला म्हणूनच प्रतिभा फुलली. आम्हांस हे मान्य नाही. त्याच वर्षांत त्याच रोगाने देशातील असंख्य माणसे निमूटपणे गेली. त्यांच्या हाती रोगाने काही ठेवले नाही. कुमारांच्या बाबतीत रोगाने एवढेच केले, की त्यांचे तोंड बंद केले. कान उघडे होते, आणि त्या कानांशी काय आले, हीच खरी हकीकत आहे.

देवास हे लहान गाव. मध्यभागी देवीची टेकडी, पायथ्याशी वस्ती. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर हे १९२१ साली येथील थोरल्या पातीच्या महाराजांच्या पदरी काही महिने होते व त्या टेकडीच्याच नावाने त्यांनी १९५३ साली आपल्या आठवणी छापल्या. संगीताच्या दृष्टीनेही गाव अगदीच ओसाड नव्हते. रजबअली खाँसाहेबांसारखे बुजुर्ग तेथे होते आणि जवळच्या इंदुरास रामूभय्या दात्यांसारखे रसिकाग्रणी होते. परंतु अंथरुणावरच्या माणसाला मैफल कोठून मिळणार? त्याच्या खिडकीशी येत होते ते निराळेच गाणे. पहाटे जात्यावर बसलेल्या बाया, लग्नघरी गाणाऱ्या सुवासिनी, भाद्रपदात भिंतीवर शेणाची संजा मांडून तिच्यासमोर गाणाऱ्या पोरी, पावसाची आळवणी करणारे शेतकरी, आणि भिक्षेच्या निमित्ताने दारोदार निर्गुणी भजने म्हणत हिंडणारे नाथपंथी जोगी.

शिकलेल्या गवयाच्या दृष्टीने हे गाणे म्हणजे फार तर करमणूक. चार-पाच स्वरांत फिरणारी चाल, तीच ओळ पुनःपुन्हा, ना विस्तार ना तानबाजी. कुमारांनी मात्र ते कान देऊन ऐकले. भानुमतीबाईंच्या साहाय्याने गाणी गोळा केली, जाणत्या बायांकडून पुनःपुन्हा म्हणवून घेतली, त्यांचे स्वरलेखन केले. आणि मग त्यांच्या ध्यानी आले, की त्या चार-पाच स्वरांत जे घडते ते ओबडधोबड नाही. एखादा स्वर किंचित उतरलेला लागतो, तो चुकून नव्हे. तो तसाच लागावा लागतो, नाही तर गाण्यातला भाव निघून जातो. एखादी ओळ मध्येच तुटते, ती दम संपला म्हणून नव्हे; त्या तुटण्यातच काही सांगितलेले असते. बाई शास्त्र जाणत नाही, परंतु चुकीचा स्वर तिला खपत नाही. अर्थात तेथे नियम आहे. तो फक्त कोणी लिहून ठेवलेला नाही.

येथून पुढचा विचार त्यांनी केला, तो संगीताच्या इतिहासातील महत्त्वाचा विचार आहे. रागांची नावे पाहावीत. मुलतानी, सोरठ, गुर्जरी तोडी, जौनपुरी, पहाडी, मांड: ही नावे शास्त्रकारांनी कल्पनेने रचलेली नाहीत, ती मुलखांची नावे आहेत. कोठल्या तरी प्रांतातील माणसे काही एका रीतीने गात होती, ती रीत कोणा गुणवंताच्या कानी पडली, तिला आकार, विस्तार व नियम मिळाले, आणि तिचा राग झाला. प्राचीन ग्रंथकारांनाही हे ठाऊक होते. मतंगाच्या ग्रंथाचे नावच ‘बृहद्देशी’ आहे. पुढे घराणी आली, ठाठ आले, रागांचे कोष्टक पक्के झाले, आणि रागांचा उगम कोठे होता हे गवई विसरले. नवा राग करावयाचा म्हणजे दोन जुन्या रागांचा सांधा जोडावयाचा, एवढीच कल्पना उरली. कुमारांनी माळव्याच्या धुनांतून थेट राग वर काढले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा, अहिमोहिनी ही त्यांची अपत्ये. त्यांना त्यांनी ‘धुनउगम’ राग म्हटले. उगम बंद झालेला नाही, आजही दाराशी पाणी वाहते आहे, असे त्या एका शब्दाने सांगितले.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. ज्यांनी पूर्वीचा कुमार ऐकला होता त्यांना हा निराळाच गवई दिसला. दीर्घ, संथ, श्वास लांबवीत नेणारी बढत जाऊन लहान लहान, तीव्र, पक्ष्याच्या भरारीसारख्या स्वराकृती आल्या होत्या. आवाज एकाएकी उंच जाई, क्षणात मंदावे, आणि मध्ये शांतता राही. पुष्कळांनी याचे कारण एका फुप्फुसात शोधले. ते कारण खरेच आहे. परंतु पुरते नाही. श्वास तोकडा झाल्याने स्वरवाक्य लहान होईल, हे समजते. त्या लहान वाक्यात नेमके काय ठेवावे, हे फुप्फुस शिकवीत नाही. पुढे दोन्ही फुप्फुसे धडधाकट असलेल्या कित्येक तरुणांनी त्यांच्या तुटक आकृतींची नक्कल केली, ती केवळ तुटकच राहिली. आमच्या समजुतीप्रमाणे थोड्या स्वरांत पुष्कळ सांगण्याची ही विद्या कुमारांनी त्या अशिक्षित गायिकांपासून घेतली. शरीराची मर्यादा आणि लोकगीताची रीत एकमेकींस भेटल्या, आणि मर्यादेची शैली झाली.

त्यांच्यावर टीकाही थोडी झाली नाही. घराणे मोडले, विलंबिताचे भारदस्तपण घालविले, बायकांची गाणी मैफलीत आणली, असे आक्षेप जाणत्यांनी घेतले. परंतु कुमारांनी आपले काम उघड व पद्धतशीर केले. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ १९६५ साली मौज प्रकाशनाने काढला. ‘मालवा की लोकधुनें’ या कार्यक्रमात ते लोकगीतेच गात. त्यांना उंची वस्त्रे नेसवून नव्हे, तर त्यांच्याच साध्या रूपात. ‘गीतवर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ या ऋतुगीतांच्या मालिकांत लोकधून, बंदिश आणि राग एका पंगतीला बसविले. गांधीजींच्या जन्मशताब्दीस गांधीमल्हार रचला. देवासातच शीलनाथांची धुनी आहे. तेथील नाथपरंपरेची भजने आणि कबीर त्यांनी ज्या रीतीने गाइला, तीत जोग्याच्या एकटेपणाचा स्वर मैफलीत प्रथमच आला. मराठीकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. ज्यांचे आयुष्य ग्वाल्हेर-देवासकडे गेले त्या भास्करराव तांब्यांची गीते आणि तुकोबांचे अभंग घेऊन त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम केले.

भानुमतीबाई १९६१ साली बाळंतपणात वारल्या. पतीची कीर्ती परत आलेली त्यांनी पाहिली, परंतु ‘अनूपरागविलास’ त्यांना पाहावयास मिळाले नाही. पुढे कुमारांचा विवाह वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी झाला व त्यांनी मैफलीत साथ दिली. टेकडीच्या पायथ्याच्या घराचे नाव मात्र ‘भानुकुल’ हेच राहिले. १९७७ साली पद्मभूषण, १९९० साली पद्मविभूषण हे सन्मान त्याच घरी आले, आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासातच कुमारजींनी देह ठेवला. प्रकृती सुधारल्यावर ते मुंबईस परत जाऊ शकले असते. गेले नाहीत.

अशा घटना इतर देशांतही घडतात. अमेरिकेत लेव्हन हेल्म नावाचा गायक-वादक होऊन गेला. विजेच्या गिटारींच्या रॉक संगीतात त्याने मोठे नाव मिळविले होते. १९९८ च्या सुमारास त्याला घशाचा कर्करोग झाला, किरणोपचारांनी आवाज जवळजवळ गेला. आवाज हळूहळू परत आल्यावर २००७ साली त्याने ‘डर्ट फार्मर’ या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. तीत विजेचा गोंगाट नव्हता. साधी तारवाद्ये होती, आणि आर्कान्सामधील कापूस पिकविणाऱ्या आईबापांकडून बालपणी ऐकलेली गाणी होती. त्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मृत्यूच्या दारातून परतलेला मनुष्य पहिल्याने घरी जातो, तसा हा गायक आपल्या घरच्या गाण्याकडे गेला.

कुमारांचे वेगळेपण या तुलनेने अधिक स्पष्ट होते. हेल्म परतला तो बापाच्या शेतावर. कुमारांना परतावयाचे असते तर सुळेभावी होते, कानडी वचने होती. माळवी ही त्यांची मातृभाषा नव्हती, वाडवडिलांची नव्हती, शिक्षणाचीही नव्हती. दुखण्याने जेथे आणून टाकले, तेथील ती भाषा होती. आमच्यातील कित्येकांना सरकारने जसे आणून टाकले, तसेच. आणि तरीही आज कोणी कुमार गंधर्वांच्या गाण्याची मुळे कोठे आहेत असे विचारले, तर माळवा असेच उत्तर द्यावे लागते. मुळे जन्माबरोबर मिळतात हे खरे. परंतु ती केवळ जन्मानेच मिळतात असे नाही, याचा हा ऐतिहासिक पुरावा आहे.

याच्या जोडीला रायपूरचेच एक उदाहरण ठेवावेसे वाटते. हबीब तन्वीर हे १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपुरास जन्मले, म्हणजे कुमारांहून काही महिन्यांनीच वडील. शिक्षण रायपूर व नागपूर येथे. पुढे मुंबई आणि १९५५ साली नाट्यशिक्षणासाठी इंग्लंड. परत आल्यावर त्यांनी छत्तीसगडच्या नाचा मंडळींतील नटांना आपल्या रंगभूमीवर घेतले. आरंभी त्या नटांकडून हिंदी वदवून घेतले, तेव्हा ते अवघडून जात. ही चूक नटांची नसून आपली आहे, हे त्यांना काही वर्षांनी उमगले. १९७३ साली रायपुरात त्यांनी नाचाचे शिबिर घेतले, नटांना त्यांच्या छत्तीसगडीतच बोलू दिले, आणि १९७५ चे ‘चरणदास चोर’ देशोदेशी गाजले. येथे जन्मलेल्या माणसासही येथील वाणी ऐकू येण्यास इतका काळ लागला. आणि ज्या खैरागढच्या संगीत विश्वविद्यालयाचे आरंभीचे कुलगुरू श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे मराठी पंडित होते, ते तर येथून काही तासांच्या वाटेवर आहे. तेव्हा साधन नव्हते, असे आम्हांस म्हणता येणार नाही.

एक कबुली देऊन हे लिखाण संपवितो. रायपूरच्या आमच्या बिऱ्हाडी दरसाल दिवाळीच्या अगोदर सुवा गाणाऱ्या बाया येत. टोपलीत धान, धानावर मातीचा पोपट; टोपली अंगणात मध्ये ठेवून त्या भोवती फेर धरीत आणि टाळ्यांच्या ठेक्यावर गात. सुवा म्हणजे पोपट. दूरच्या माणसाला पोपटाकरवी निरोप धाडावा, मनातले दुःख त्याला सांगावे, अशी त्या गाण्यांची कल्पना. कित्येक वर्षे आम्ही पहिले कडवे संपण्याच्या आत दाराशी जाऊन तांदूळ आणि नोट देत असू आणि दार लावून घेत असू. फाइली असत, चकल्यांचा घाणा असे, आणि पलंगाशेजारी कुमार गंधर्वांच्या माळवी लोकगीतांची ध्वनिमुद्रिका असे. ती आम्ही मोठ्या भक्तीने ऐकत होतो. ज्या गोष्टीसाठी तो मनुष्य पाच वर्षे कान लावून पडला होता, तीच आमच्या अंगणात येऊन फेर धरीत होती, हे मात्र आमच्या ध्यानी आले नाही.

गेल्या दिवाळीस आम्ही दार उघडे ठेवले आणि पायरीवर बसलो. बायांना प्रथम संकोच वाटला. साहेब काही तक्रार करणार, अशी त्यांची समजूत झाली असावी. मग त्या गाऊ लागल्या. चारच स्वर होते. शेवटल्या स्वरावर त्या थोड्या खाली उतरत आणि तेथेच थांबत. गाणे पुरे झाले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी त्यांतील वडील बाईंना विचारले, “बाई, या गाण्यात पोपटाला निरोप कोणासाठी दिला आहे?” बाई हसल्या आणि म्हणाल्या, जो दूर आहे त्याच्यासाठी. आम्ही पायरीवरून उठलो नाही; त्यांना आणखी एक म्हणावयास सांगितले.